संगणकाचे स्मरण : वेग आणि टिकाऊपणा

घरात एखादी नवी वस्तू घ्यावयाची झाली म्हणजे आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. ती काम कसे देते, हा एक; आणि ती टिकते किती, हा दुसरा. किंमत किती, हा प्रश्न वस्तुतः या दोहोंच्याही आधीचा. पण तो मनातल्या मनात विचारावयाचा, अशी मध्यमवर्गीय रीत आहे. शिवणयंत्र, सायकल, पाण्याचा पंप या वस्तूंच्या बाबतीत घरातील वडील माणसे या प्रश्नांची उत्तरे अनुभवाने देत असत. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिच्या बाबतीत मात्र वडिलांचा अनुभव उपयोगी पडत नाही आणि मुलांचा उत्साह पुरा पडत नाही. ती वस्तू म्हणजे संगणकातील साठवणीचा नवा प्रकार, सॉलिड स्टेट ड्राइव्ह. बाजारात सर्वजण तिला एसएसडी म्हणतात. आपणही तेच नाव घेऊ.

हुबळी-धारवाडसारख्या जुळ्या शहरांत हा प्रश्न किती घरांत उभा राहतो, याची कल्पना करून पाहावी. धारवाड हे विद्येचे गाव. कर्नाटक विद्यापीठ येथे, कृषी विद्यापीठ येथे, आणि २०१६ पासून आय.आय.टी.सुद्धा येथे आहे. शिकावयास आलेल्या मुलाजवळ थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप असतो आणि तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. हुबळी हे व्यापाराचे गाव. दुर्गद बैलच्या आसपासच्या दुकानांत हिशेबाच्या वह्या जाऊन संगणक आले, त्यालाही बरीच वर्षे झाली. नवा संगणक घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसते, आणि कोणीतरी सांगतो की जुन्या यंत्रातील हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, यंत्र नव्यासारखे पळू लागेल. सल्ला योग्य आहे. परंतु दुकानात गेल्यावर एकाच मापाच्या चार एसएसडी चार किमतींना समोर येतात, आणि निवड कशावर करावी हे उमगत नाही.

निवडीचा विचार करण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय, हे थोडे पाहू. १९५६ हे वर्ष आपल्याकडे लक्षात राहिले ते राज्यपुनर्रचनेमुळे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र बाजारात आणले. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि साठवण किती, तर सुमारे पन्नास लाख अक्षरांची. आजच्या हार्ड डिस्क त्याच कुळातील आहेत. तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत माहिती वाचते. लॅपटॉपमधील सामान्य डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. एकसारखी सलग माहिती वाचावयाची असेल तर ती सेकंदाला शंभर मेगाबाइटांच्या आसपास देते. पण निरनिराळ्या जागी विखुरलेले बारीकसारीक तुकडे गोळा करावयाचे असतील, तर दांडीची धावपळ होते आणि सेकंदाला शंभरएक तुकडे मिळाले तरी पुष्कळ झाले. संगणक सुरू होताना असेच हजारो तुकडे लागतात. आपला खोळंबा होतो तो येथे.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. जपानमधील तोशिबा कंपनीचे संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृतीची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि आज जो प्रकार सर्वत्र वापरला जातो, तो नँड नावाचा प्रकार १९८७ मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ज्या तिघांनी सॅनडिस्क ही कंपनी काढली, त्यांतील एक, संजय मेहरोत्रा, हे कानपूरचे. या स्मृतीत सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म पेशी असतात. पेशीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवावयाचे आणि पुढे ते किती आहेत हे तपासून माहिती वाचावयाची, एवढेच तत्त्व. दांडी सरकावयाची नसल्याने विखुरलेले तुकडेही सेकंदाला हजारोंनी मिळतात. म्हणूनच अगदी स्वस्तातील एसएसडी बसविली तरी जुने यंत्र टवटवीत होते.

पण या पेशीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे, कारण टिकाऊपणाचा सारा वाद तेथूनच निघतो. पेशीभोवती निरोधक पदार्थाचा एक अत्यंत पातळ थर असतो. लिहिताना इलेक्ट्रॉन त्या थरातून जबरीने आत ढकलले जातात आणि पुसताना बाहेर ओढले जातात. दर खेपेस तो थर किंचित झिजतो. शिवाय पुसण्याची सोय एकेका पेशीपुरती नाही. पेशींचा मोठा गट एकदम पुसावा लागतो. त्यामुळे आपण एक पान लिहिले, तरी आतल्या आत सव्वा किंवा दीड पान लिहिले जाते. एकाच जागेवर सारी झीज येऊ नये म्हणून एसएसडीतील नियंत्रक चिप ही कामे साऱ्या पेशींत पाळीपाळीने वाटून देते.

आता स्वस्ताईचे रहस्य पाहा. तांब्या रिकामा आहे की भरलेला, हे लांबूनही सांगता येते. तो पाव, अर्धा, पाऊण की पूर्ण आहे, हे सांगावयास जवळ जावे लागते. आणि त्यातील पाण्याच्या सोळा पातळ्या ओळखावयाच्या असतील, तर मोजपट्टी घेऊन बसावे लागते. त्यातून तांब्या थोडा पाझरत असेल, तर पंचाईतच. पेशींचे नेमके असेच आहे. एका पेशीत एकच अंक ठेवला तर दोन पातळ्या पुरतात. तीन अंक ठेवले तर आठ लागतात. चार ठेवले तर सोळा. तीन अंकांच्या प्रकारास टीएलसी म्हणतात, चार अंकांच्या प्रकारास क्यूएलसी. तेवढ्याच सिलिकॉनमध्ये अधिक माल मावतो म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते. पण तीत लिहावयास वेळ अधिक लागतो आणि ती झीजही कमी सोसते. टीएलसी पेशी साधारणपणे एक ते तीन हजार वेळा लिहून-पुसून घेते. क्यूएलसीची मजल त्याहून पुष्कळ अलीकडे, काही शेकड्यांपासून हजारापर्यंत, थांबते.

हे ऐकून आपणांस वाटेल की मग टीएलसीच घ्यावी, प्रश्न मिटला. परंतु हिशेब केल्याशिवाय निर्णय करू नये. उत्पादक प्रत्येक एसएसडीबरोबर एक आकडा देतात. त्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. एकंदर किती टेराबाइट माहिती लिहून होईपर्यंत हमी लागू राहील, हे त्यातून कळते. एक टेराबाइट म्हणजे हजार गिगाबाइट. क्रुशल कंपनीच्या बीएक्स ५०० या ४८० गिगाबाइटच्या ड्राइव्हला माहितीपत्रकात १२० टेराबाइटांची हमी आहे. किंग्स्टनच्या ए ४०० या तेवढ्याच मापाच्या ड्राइव्हला १६० ची. सॅमसंगच्या ८७० एव्हो या ५०० गिगाबाइटच्या ड्राइव्हला ३०० ची. पहिल्यात आणि शेवटच्यात अडीच पटींचा फरक आहे. तेव्हा शेवटचा अडीच पट टिकाऊ, असे कोणीही म्हणेल.

आता घरातील वापर मोजू. पत्रे लिहिणे, अभ्यास, महाजालावरील वाचन, चित्रपट पाहणे, हिशेब ठेवणे, एवढे सारे धरले तरी सामान्य घरात दिवसाला वीस गिगाबाइटांहून अधिक लिखाण क्वचितच होते. १२० टेराबाइट म्हणजे एक लाख वीस हजार गिगाबाइट. त्यांस वीसने भागा. सहा हजार दिवस येतात. म्हणजे सोळा वर्षांहून अधिक. वापर दुप्पट धरला तरी आठ वर्षे. तेवढ्या काळात तो संगणकच कालबाह्य झालेला असतो. सामान्य घरगुती गिऱ्हाइकाने टीबीडब्ल्यूच्या आकड्यापायी जास्तीचे पैसे मोजणे म्हणजे नळाच्या पाण्यासाठी अग्निशामक दलाची नळी विकत घेण्यासारखे आहे.

शिवाय हमीचा आकडा म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. टेक रिपोर्ट या अमेरिकन प्रकाशनाने २०१३ ते २०१५ या काळात सहा ड्राइव्ह घेऊन त्यांवर रात्रंदिवस लिखाण चालविले. सर्वच्या सर्व सातशे टेराबाइटांच्या पुढे गेले, आणि शेवटचा तर दोन हजार चारशे टेराबाइटांपर्यंत तग धरून होता. ते ड्राइव्ह सुमारे अडीचशे गिगाबाइटांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सहनशक्तीचा अंदाज येतो. अर्थात सहा नगांवरून साऱ्या जातीची परीक्षा होत नाही, आणि आजच्या क्यूएलसी पेशी त्या पेशींहून वेगळ्या आहेत, हेही विसरता कामा नये.

येथे मात्र एक अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण त्यात पुष्कळ दुकानदार फसतात. दुकानात चोरांवर नजर ठेवण्यासाठी कॅमेरे बसविलेले असतात आणि त्यांची चित्रे अहोरात्र साठविली जातात. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट माहिती पाठवितो असे धरले, तर दिवसाला त्रेचाळीस गिगाबाइट होतात. आठ कॅमेऱ्यांचे सुमारे साडेतीनशे. आपला तो १२० टेराबाइटांचा ड्राइव्ह या कामाला जुंपला, तर त्याची हमी वर्षाच्या आतच संपेल. या कामासाठी पाळतीच्या कामाकरिता म्हणून बनविलेली हार्ड डिस्कच घ्यावी. ती स्वस्तही पडते. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांचेही काहीसे असेच. एकेका लग्नाचे शे-दोनशे गिगाबाइट उतरवून घेणे, संस्कार करणे, पुसणे, पुन्हा लिहिणे हा ज्यांचा रोजचा उद्योग, त्यांनी टीबीडब्ल्यूचा आकडा जरूर पाहावा. एक टेराबाइटच्या मापात क्रुशलच्या पी ३ ला २२० ची हमी आणि वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन ५८० ला ६०० ची. अशा धंद्याला हा फरक खरोखरीचा आहे.

आता वेगाकडे वळू. खोक्यावर ठळक अक्षरांत जो वेग छापलेला असतो, तो बहुधा उत्तम परिस्थितीतील, सलग वाचनाचा असतो. साटा नावाच्या जुन्या जोडणीवर तो सेकंदाला ५५० मेगाबाइटांच्या आसपास येऊन थांबतो. जोडणीचीच मर्यादा तेवढी. एनव्हीएमई नावाच्या नव्या जोडणीवर तो तीन हजारांच्या वर जातो. सहापट वेग वाचून मोह पडतो. पण हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येताना जो फरक माणसाला जाणवतो, त्याच्या पासंगालाही साटावरून एनव्हीएमईवर येतानाचा फरक घरगुती कामात पुरत नाही. कारण पत्र उघडणे, हिशेबाचा कार्यक्रम सुरू करणे यांत सलग वाचन थोडे आणि विखुरलेले तुकडे पुष्कळ असतात. आज दोन्हींच्या किमती सारख्याच असतील आणि आपल्या यंत्रात एनव्हीएमईची जागा असेल, तर ती अवश्य घ्यावी. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा साटाचीच सोय असते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ते पाहून ठेवावे.

खोक्यावर जे छापलेले नसते, ते मात्र महत्त्वाचे. स्वस्त ड्राइव्हमध्ये काही पेशी तात्पुरत्या एक-अंकी पद्धतीने वापरून लिखाण झपाट्याने उरकले जाते आणि सवडीने ते मूळ जागी हलविले जाते. ओसरीवर पोती उतरवून मग कोठारात नेण्यासारखी ही युक्ती. ओसरी भरली, की गाड्या दारात खोळंबतात. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी जातीच्या एक टेराबाइट ड्राइव्हच्या बाबतीत कंपनीनेच जाहीर केले आहे की सुमारे ४२ गिगाबाइटांनंतर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइटांवर येतो. हा हार्ड डिस्कहूनही कमी वेग झाला. दररोज चार-दोन गिगाबाइट लिहिणाऱ्यास तो कधी जाणवणारही नाही. पण एका बैठकीत शंभर गिगाबाइट उतरविणाऱ्यास तो फार जाणवेल. ड्राइव्ह काठोकाठ भरला की ही ओसरीही आखडते. यास्तव दहा ते वीस टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी, हा उपाय बिनखर्ची आहे.

दुसरी न छापलेली गोष्ट म्हणजे नकाशाची स्मृती. कोणती माहिती कोणत्या पेशीत आहे, याचा नकाशा नियंत्रकाला सतत लागतो. चांगल्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी डीरॅम नावाची वेगळी चिप असते. स्वस्तात ती वगळतात. एनव्हीएमई ड्राइव्ह त्याऐवजी संगणकाच्याच स्मृतीतील थोडी जागा उसनी घेऊ शकतो. साटा ड्राइव्हला ती सोय नाही. म्हणून साटा घेत असताना थोडे अधिक पैसे देऊन डीरॅम असलेला मिळत असेल, तर ते पैसे सत्कारणी लागतात, असे माझे मत आहे.

श्रोतेहो, आतापर्यंत आपण झीज आणि वेग यांचा विचार केला. पण ड्राइव्ह मरतो तो बहुधा झिजून नव्हे. २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक तातडीची सूचना दिली. तिच्या काही महागड्या ड्राइव्हच्या आतील आज्ञावलीत एक चूक राहिली होती, आणि ती दुरुस्त केली नाही तर ते बरोबर ३२,७६८ तास चालून बंद पडणार होते आणि त्यांतील माहिती परत मिळणार नव्हती. म्हणजे पावणेचार वर्षांपेक्षाही थोडा कमी काळ. पेशी धडधाकट, पण पोथीतील एका चुकीने देह संपला! गूगलच्या यंत्रशाळांतील सहा वर्षांच्या नोंदींवर टोरंटो विद्यापीठातील प्राध्यापक बियांका श्रोडर यांनी राघव लगिसेट्टी आणि आरिफ मर्चंट यांच्यासह २०१६ मध्ये एक निबंध सादर केला. त्यात आढळले, की महाग एक-अंकी पेशींचे ड्राइव्ह नित्याच्या वापरात इतरांहून अधिक विश्वासू ठरले नाहीत. आणि वापराची झीज वेगळी काढली तरी नुसत्या वयाचाही परिणाम होतो. हार्ड डिस्कपेक्षा हे ड्राइव्ह कमी वेळा बदलावे लागले, परंतु त्यांतील माहितीचा एखादा तुकडा वाचताच न येण्याचे प्रकार मात्र अधिक घडले.

विजेचेही तसेच. आपल्याकडे वैशाखात वळवाचा पाऊस आला, की वीज अवचित जाते. त्या क्षणी नकाशा लिहिला जात असेल, तर तो अर्धवट राहतो. मोठ्या कचेऱ्यांसाठी बनविलेल्या ड्राइव्हमध्ये अशा वेळी पुरेल एवढी वीज साठविणारी सोय असते. स्वस्तात ती नसते. मेजावरच्या संगणकाला एक साधा यूपीएस लावणे हा ड्राइव्हचे आयुष्य राखण्याचा उपाय, महाग ड्राइव्ह घेण्याहून मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मग टिकाऊपणा मोजावयाचा कशाने? याचे एक उत्तर आपल्याच गावात आहे. हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ही १९५७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तेथे राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजासाठी भारतीय मानक आहे, आणि मानकांच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला आहे. सुताची संख्या, कापडाचे वजन, ताण सोसण्याची शक्ती, उन्हात आणि धुण्यात रंगाचे टिकणे हे सारे त्यात ठरवून दिलेले आहे. ध्वजाचे कापड चांगले म्हणजे काय, तर ऊन, वारा आणि पाऊस यांत फडकावयाचे जे त्याचे काम, त्याला ते पुरे पडते. अंगरख्याच्या मलमलीस तेच माप लावले तर मलमल नापास होईल, आणि तरीही मलमल वाईट ठरणार नाही. मोजमाप कामावरून ठरते.

ड्राइव्हसाठीही जेडेक या संस्थेची अशी मानके आहेत, आणि त्यांतील एक कलम साऱ्या गृहस्थांनी ऐकून ठेवावे असे आहे. घरगुती ड्राइव्हने आपल्या हमीइतके सारे लिखाण सोसल्यानंतर, वीज न देता तीस अंश उष्णतेत ठेवला असता, एक वर्ष माहिती राखली पाहिजे, एवढीच त्या मानकाची अपेक्षा आहे. नवा, थोडा वापरलेला ड्राइव्ह त्याहून कितीतरी अधिक काळ राखतो, हे खरे. पण तांब्या पाझरतो, आणि उष्णता वाढली की अधिक पाझरतो, हेही तितकेच खरे. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० एव्हो या ड्राइव्हमध्ये असे आढळले, की जुनी, बरेच दिवस न हलविलेली माहिती फार मंद गतीने वाचली जाते. पातळ्या सरकल्यामुळे नियंत्रकाला त्या ओळखण्यास वारंवार प्रयत्न करावे लागत होते. कंपनीने पुढे आज्ञावली दुरुस्त करून दिली. पण नुसते स्वस्थ पडून राहणे हेही फ्लॅश स्मृतीला बाधते, हे त्यावरून साऱ्यांच्या ध्यानी आले.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, याला या गावाचे एक कारण आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांचे हे गाव. येथे आकाशवाणीचे केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, आणि पुढे टेपरेकॉर्डर आल्यावर किती घरांत खाजगी बैठकी फितींवर उतरविल्या गेल्या असतील, त्याला गणती नाही. त्या फिती आता जीर्ण होत आहेत. मुलगा किंवा नात हौसेने त्या संगणकावर उतरवून घेते. तबकडीच्या दर्जाचे एका तासाचे ध्वनिमुद्रण सहाशे मेगाबाइटांच्या थोडे वर जाते; संग्राहकांच्या उच्च दर्जाचे धरले तर दोन गिगाबाइट. दोनशे तासांचा संग्रह उच्च दर्जानेही चारशे गिगाबाइटांत मावतो. मग एक स्वस्त एसएसडी आणून त्यावर सारे भरले जाते, आणि मूळ फिती अडगळ म्हणून टाकून देऊन ती एसएसडी जुन्या दागिन्यांप्रमाणे कपाटात कुलुपात ठेवली जाते. दागिना कपाटात सुरक्षित असतो, एसएसडी नसते. दहा वर्षांनी कुलूप काढल्यावर आत काय असेल, याची हमी कोणीच देत नाही.

धारवाडात राहून ज्यांनी इंग्रजी शिकविले आणि मराठी कथा लिहिली, त्या जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे चार खंड पुढे प्रसिद्ध होऊ शकले, कारण ती पत्रे कागदावर होती आणि ज्यांना आली त्यांनी ती जपली. पत्र एकाच्या घरी, लिहिणारा दुसऱ्याच्या घरी. जतन आपोआप अनेक ठिकाणी होत होते. आज आपली पत्रे, मुलांची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, प्रबंधाची हस्तलिखिते एकाच चिपवर एकाच घरात असतात. म्हणून माझा सल्ला असा, की खरेदीसाठी जी रक्कम काढून ठेवली असेल, ती सारीच्या सारी एका ड्राइव्हवर खर्च करू नये. वेगासाठी मध्यम दर्जाची एसएसडी यंत्रात बसवावी, आणि उरलेल्या पैशांत एक साधी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन तिच्यावर प्रत काढावी. कपाटात ठेवावयाच्या कामाला फिरत्या तबकडीची ही जुनी डिस्क अधिक विश्वासाची. पण तीही वर्षातून एकदा लावून पाहावी. मोलाचा संग्रह असेल तर तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. हुबळी आणि धारवाड यांत वीसएक किलोमीटरांचे अंतर आहे. एका गावच्या बहिणीने दुसऱ्या गावच्या भावाची प्रत सांभाळली, तर आग, चोरी किंवा गळके छप्पर यांपैकी कोणतेही संकट दोन्ही घरांवर एकाच दिवशी येण्याचा संभव थोडा.

आता प्रत्यक्ष खरेदीच्या चार गोष्टी सांगून आटोपते घेतो. एकाच नावाखाली आतील माल बदलण्याची चाल या धंद्यात आहे. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी २ या ड्राइव्हमध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी आल्याचे नियतकालिकांनी चाचण्या घेऊन दाखविले. तेव्हा जुने परीक्षण वाचून नवा माल घेताना, हल्लीच्या मालात पेशी कोणत्या जातीच्या आहेत, याची चौकशी करावी. तीन वर्षांच्या हमीपेक्षा पाच वर्षांची हमी असलेला ड्राइव्ह थोड्या फरकाने मिळत असेल तर तोच घ्यावा, आणि पक्की पावती जपून ठेवावी; मात्र हमीत ड्राइव्ह बदलून मिळतो, माहिती मिळत नाही, हे स्मरणात असावे. पदपथावर किंवा महाजालावर सोळा टेराबाइटांची चिमुकली डबी कवडीमोलाने मिळत असेल, तर तिला हातही लावू नये. आत लहानसे मेमरी कार्ड असते, आणि भरलेली माहिती नाहीशी झाल्यावरच ते कळते. घरी आणल्यावर क्रिस्टल डिस्क इन्फोसारखा मोफत कार्यक्रम चालवून तो ड्राइव्ह खरोखर नवा आहे की आधी वापरलेला, हे पाहावे. त्यात चालू तासांची आणि एकंदर लिखाणाची नोंद असते.

आणखी एक सूचना. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर एसएसडीचा खर्च करण्याआधी त्यावर पुढे कोणती प्रणाली चालवावयाची, हे ठरवावे. लिनक्ससारखी मोफत प्रणाली शिकण्याची तयारी असेल, तर ते यंत्र आणखी काही वर्षे विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल. तशी तयारी नसेल, तर तेच पैसे नव्या यंत्रासाठी साठविणे बरे.

तर सारांश असा : घरासाठी आणि अभ्यासासाठी ५०० गिगाबाइटांचा, टीएलसी पेशींचा, पाच वर्षांच्या हमीचा ड्राइव्ह मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास नामांकित कंपनीचा तीन वर्षांच्या हमीचाही चालेल. चित्रीकरणासारख्या भारी लिखाणाला टीबीडब्ल्यू पाहून, पदर थोडा सैल करून घ्यावा. कॅमेऱ्यांच्या नोंदीला एसएसडी घेऊच नये. आणि यांपैकी काहीही घेतले तरी दुसऱ्या प्रतीचे पैसे आधी बाजूला काढावेत. येत्या रविवारी सवड असेल, तर आपल्या घरातील संगणकात ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही असे काय काय आहे, याची एक यादी करून पाहावी. ती यादी हातात घेऊन दुकानाची पायरी चढावी, म्हणजे कोणता ड्राइव्ह घ्यावा हा प्रश्न पुष्कळ सोपा झालेला आढळेल.